विषाणूचे छोटे आरएनए पेशीच्या प्रथिनकामात कसे हात घालतात: नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

रत्नागिरी, दापोली, चिपळूण, सावंतवाडी इथल्या कॉलेजांत जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा मत्स्यविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळा हाताशी नाहीत म्हणून हा विषय आपला नाही, असं अनेक जण धरून चालतात. मला ते पटत नाही. पावसाळा लागला की डेंग्यू आपल्या दारात असतो, दोडामार्गच्या रानात माकडताप आहे, खाडीकाठच्या कोळंबीच्या तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आहे. या तिन्ही विषाणूंच्या घराण्यांत छोट्या आरएनएंचे खेळ सापडलेले आहेत.

दहावीच्या पुस्तकातलं प्रतिलेखन आणि भाषांतरण आठवत असेल तर पुढचं सगळं समजेल. डीएनएवरून एमआरएनए उतरतो, रायबोसोम तो तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि अमिनो आम्लं जोडत प्रथिन बनवतो. विषाणूचा आरएनए म्हटलं की आपल्या मनात येतं, हाही असाच एखादा संदेश असणार. पण काही विषाणू असे आरएनए तयार करतात की ज्यांच्यापासून एकही प्रथिन कधी बनत नाही. ते वाचले जाण्यासाठी नसतातच. ते पेशीतल्या एखाद्या प्रथिनाला किंवा दुसऱ्या आरएनएला जाऊन चिकटतात, आणि कोणाचं प्रथिन बनेल, कोणाचं नाही, हा हिशोब बदलतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा, कारण नवे विद्यार्थी बहुतेक इथेच अडखळतात. आजवर सापडलेल्या एकाही विषाणूकडे स्वतःचे रायबोसोम नाहीत. त्यामुळे पेशीचं प्रथिनकाम सरसकट बंद पडलं तर विषाणूचंही अडतं. उलट, घुसखोर आल्याचं कळलं की पेशी स्वतःच ते काम बंद करू बघते. म्हणून विषाणूचा छोटा आरएनए पुष्कळदा ते काम चालू ठेवण्यासाठी झटत असतो. ‘विषाणू आला, प्रथिनं थांबली’ असं साधं समीकरण डोक्यात घेऊन शोधनिबंध वाचायला बसलात, तर निम्म्या आकृत्या उलट्या वाटतील.

पायरी पहिली: यजमान पेशीचा ब्रेक कुठे आहे ते बघा

भाषांतरणाचे तीन टप्पे असतात: सुरुवात, लांबण, शेवट. विषाणूंची ओढाताण सर्वांत जास्त सुरुवातीवर चालते, म्हणून तुमचाही वेळ तिथेच घाला.

सुरुवातीला पहिलं अमिनो आम्ल, म्हणजे मेथिओनिन, घेऊन येणारा टीआरएनए रायबोसोमच्या छोट्या भागापर्यंत पोचावा लागतो. त्याला पोचवतं ईआयएफ-२ नावाचं प्रथिन. हे काम दाभोळ-धोपावे फेरीबोटीसारखं डोळ्यांपुढे आणा. बोट भरून निघते तेव्हा तिच्यावर जीटीपी नावाचा ऊर्जा देणारा छोटा रेणू असतो. पलीकडे टीआरएनए उतरवला की जीटीपीचा जीडीपी (त्याचं वापरलेलं रूप) होतो आणि बोट रिकामी परतते. पुन्हा निघायचं तर जीडीपी काढून जीटीपी चढवायला हवा. तो चढवतो ईआयएफ-२बी, म्हणजे आपला धक्का. आता पेशीतल्या पीकेआर नावाच्या प्रथिनाने ईआयएफ-२च्या अल्फा भागावर, ५१ व्या जागेच्या सेरीन या अमिनो आम्लावर, एक फॉस्फेट चिकटवला असं समजा. ती बोट धक्क्याला लागते ती सुटतच नाही. आणि धक्के बोटींपेक्षा कमी असतात. थोड्याच बोटी अशा अडकून बसल्या तरी बाकीच्या धडधाकट बोटींना लागायला जागा उरत नाही आणि सगळी वाहतूक ठप्प होते. म्हणूनच ईआयएफ-२च्या थोड्याच भागावर फॉस्फेट बसला तरी पेशीभरचं प्रथिनकाम कोसळतं.

पीकेआर जागा कशामुळे होतो? दुपदरी आरएनए दिसल्यामुळे. निरोगी पेशीच्या द्रवात लांब दुपदरी आरएनए फारसा नसतो. विषाणू वाढत असताना तो हमखास तयार होतो. साधारण तीस जोड्यांपेक्षा लांब असा दुपदरी पट्टा मिळाला की दोन पीकेआर त्यावर शेजारी-शेजारी येतात, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि कामाला लागतात. ‘दोन शेजारी-शेजारी’ हे नीट ध्यानात ठेवा. पुढची सगळी युक्ती त्यावर उभी आहे.

पायरी दुसरी: आरएनए किती अक्षरांचा आहे ते आधी विचारा

‘छोटा’ हा शब्द निबंधांत फार सैलपणे वापरला जातो. २२ अक्षरांच्या आरएनएलाही छोटा म्हणतात आणि ४०० अक्षरांच्याही. पण लांबीवरून तो कसा तयार झाला आणि कोणाला चिकटणार याचा बराचसा अंदाज येतो. २० ते २४ अक्षरांचा असेल तर तो बहुधा डायसर या कात्रीने कापलेला असतो आणि आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो. दीडशे-पावणेदोनशे अक्षरांचा असेल तर तो आरएनए पॉलिमरेझ-३ने, म्हणजे डीएनएवरून छोटे आरएनए उतरवणाऱ्या विकराने, थेट उतरवलेला, स्वतःभोवती वळून घट्ट गाठी मारलेला असण्याची शक्यता मोठी. तीनशे ते पाचशे अक्षरांचा असेल तर तो मोठ्या आरएनएचा उरलेला तुकडा तर नाही ना, हे बघावं. याला अपवाद आहेत. तरी निबंध हातात आला की वहीत पहिली नोंद लांबीची करावी, दुसरी तो पेशीत कुठे सापडतो याची: केंद्रकात की बाहेर.

ही दुसरी नोंद किती कामाची आहे ते एपस्टाइन-बार या माणसातल्या हर्पीसविषाणूच्या उदाहरणावरून कळतं. या विषाणूचे दोन छोटे आरएनए आहेत, १६७ आणि १७२ अक्षरांचे, आणि ते पेशीत लाखांच्या घरात असतात. परीक्षानळीत ते पीकेआरला चिकटतात आणि त्याला दाबतात. पण प्रत्यक्ष पेशीत ते मुख्यतः केंद्रकात राहतात आणि पीकेआर मुख्यतः बाहेर. मग जिवंत पेशीत ते खरंच पीकेआरला अडवतात का, यावर वाद चालू आहे. नळीत चिकटलं म्हणजे पेशीतही चिकटलं असं लिहून टाकू नका.

पायरी तिसरी: एक उदाहरण तळापासून शिका — अडिनोव्हायरस

दहा उदाहरणं वरवर पाहण्यापेक्षा एक पूर्ण समजून घ्यावं. माझ्या मते त्यासाठी अडिनोव्हायरसच्या व्हीए आरएनए-१ इतकं चांगलं उदाहरण नाही. सर्दी-खोकला, डोळे येणं अशा दुखण्यांमागे असणाऱ्या या विषाणूचा हा आरएनए १९६६ साली सापडला. तो साधारण १६० अक्षरांचा असून यजमानाच्याच पॉलिमरेझ-३कडून उतरवून घेतला जातो. संसर्गाच्या शेवटच्या टप्प्यात एकेका पेशीत त्याच्या दहा कोटींपर्यंत प्रती असतात, म्हणजे पेशीतल्या रायबोसोमांपेक्षाही जास्त. एवढा खर्च विषाणू उगाच करत नाही.

तो काय करतो हे कळलं त्याला काढून टाकल्यावर. बायर थिम्मापाया, टॉम शेंक आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये व्हीए आरएनए-१ नसलेला विषाणू वापरून दाखवलं की संसर्गाच्या उत्तरार्धात विषाणूचे एमआरएनए पेशीत तयार होऊन पडलेले असतात, पण त्यांची प्रथिनं पुरेशी बनत नाहीत. संदेश आहे, वाचन नाही. म्हणजे बिघाड प्रतिलेखनात नसून भाषांतरणात आहे. पुढच्या काही वर्षांत कोडं सुटलं. व्हीए आरएनए-१ हा दुपदरी आरएनएसारखा दिसतो, म्हणून पीकेआर त्याला पकडतो. पण त्याच्या मधल्या भागातली गाठ अशी आहे की दोन पीकेआर शेजारी-शेजारी बसूच शकत नाहीत. एकटा पीकेआर अडकून राहतो, त्याच्यावर फॉस्फेट चढत नाही, ईआयएफ-२ मोकळा राहतो आणि प्रथिनकाम चालू राहतं. इथे विषाणूचा आरएनए पेशीचं काम बंद पाडत नाही. पेशीला ते बंद पाडू देत नाही.

या मालिकेतला मला सर्वांत आवडणारा प्रयोग १९८९चा आहे. व्हीए आरएनए-१ खरोखर ईआयएफ-२च्या ५१ व्या सेरीनवरचा फॉस्फेट टाळण्यासाठीच असेल, तर ती जागाच बदलून टाकली की त्याची गरज उरायला नको. संशोधकांनी नेमकं तेच केलं. सेरीनच्या जागी अलानिन असलेलं ईआयएफ-२ अल्फा पेशीत बनवलं. अलानिनवर फॉस्फेट चिकटू शकत नाही. आणि व्हीए आरएनए-१ नसलेल्या विषाणूच्या संसर्गातही प्रथिनकाम सावरलं. आरएनए परत न देता, फक्त ज्या जागेवर त्याचा परिणाम होतो ती जागा बदलून हे साधलं. कारण आणि परिणाम यांची साखळी इतकी स्वच्छ दाखवणारे प्रयोग कमी असतात. हा प्रयोग वहीत स्वतःच्या हाताने आकृती काढून उतरवा.

याच आरएनएचं आणखी एक काम आहे. तो इतक्या प्रचंड संख्येने असतो की केंद्रकातून छोटे आरएनए बाहेर नेणारं एक्स्पोर्टिन-५ आणि त्यांना कापणारा डायसर, दोघंही त्याच्यातच गुंतून पडतात. पेशीच्या स्वतःच्या मायक्रोआरएनएंचं काम त्यामुळे मंदावतं. एका आरएनएचं एकच काम असतं असं समजून चालू नये.

पायरी चौथी: उरलेल्या तुकड्याकडे बघा — डेंग्यू आणि त्याचं घराणं

आता आपल्या अंगणातला विषाणू. डेंग्यूचा जीनोम म्हणजे सुमारे १०,७०० अक्षरांचा एकपदरी आरएनए. पेशीत एक्सआरएन-१ नावाचं विकर असतं. ते जुने आरएनए ५′ टोकाकडून ३′ टोकाकडे फस्त करत जातं. डेंग्यूचा जीनोमही ते खात सुटतं, पण शेवटच्या काही शे अक्षरांपाशी येऊन अडतं. का अडतं, हे २०१४ मध्ये याच घराण्यातल्या दुसऱ्या एका विषाणूच्या आरएनएची स्फटिकरचना मिळाल्यावर कळलं. तिथे आरएनए असा गुंडाळलेला आहे की त्याचं एक टोक आरएनएच्याच कड्यातून आरपार जातं. विकर ज्या दिशेने येतं त्या दिशेने ते कडं सुटत नाही. त्यामुळे तीनशे ते पाचशे अक्षरांचा शेपटाचा तुकडा शिल्लक राहतो आणि पेशीत साठत जातो. फ्लॅव्हिव्हायरसांत, म्हणजे डेंग्यूच्या घराण्यात, हा तुकडा असा तयार होतो आणि रोग घडवण्यात त्याचा वाटा आहे, हे २००८ साली दाखवलं गेलं.

प्रथिनकामाशी याचा संबंध काय? विषाणू आल्यावर पेशी इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सोडते. इंटरफेरॉनमुळे शेकडो जनुकं जागी होतात, त्यांचे एमआरएनए बनतात. पण एमआरएनए बनला म्हणजे प्रथिन बनलं असं नाही. यातल्या काही एमआरएनएंचं नीट भाषांतरण व्हायला जी३बीपी-१, जी३बीपी-२ आणि कॅप्रिन-१ ही प्रथिनं लागतात. डेंग्यूच्या दुसऱ्या प्रकाराचा, डेंग्यू-२ चा, हा उरलेला तुकडा नेमका या तिघांना चिकटून बसतो, आणि मग इंटरफेरॉनने मागवलेली संरक्षक प्रथिनं हवी तेवढी बनत नाहीत. त्यांत आपला ओळखीचा पीकेआरही आहे. २०१४ च्या या कामाचा अर्थ नीट बघा. इथे पेशीचं सगळं भाषांतरण थांबलेलं नाही. निवडक संदेशांचं थांबलं आहे, आणि तेही ज्यांची पेशीला त्या घडीला गरज आहे त्यांचं. अडिनोव्हायरसने सगळी वाहतूक चालू ठेवली. डेंग्यूने ठराविक प्रवाशांनाच अडवलं.

आपल्याकडच्या वाचकाला माकडताप आठवेल. त्याचा, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा, विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरचा, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचा, त्या शोधात मोठा वाटा होता. २०१६ पासून सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गच्या बाजूला, काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना हा ताप आल्याची नोंद आहे. हा विषाणूही फ्लॅव्हिव्हायरसच, पण गोचिडींतून पसरणारा. गोचिडींतून पसरणाऱ्या फ्लॅव्हिव्हायरसांतही असा उरलेला तुकडा तयार होतो हे माहीत आहे. मात्र डेंग्यूचा तुकडा ज्या प्रथिनांना धरतो त्यांनाच माकडतापाचा तुकडाही धरतो, असं प्रयोगाशिवाय म्हणता येत नाही. डेंग्यूच्याच वेगवेगळ्या प्रकारांत याबाबत फरक पडतो. सेमिनारमध्ये नेमका हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा तयार असा.

पायरी पाचवी: बावीस अक्षरांचे आरएनए, आणि इथे लागणारी सावधगिरी

प्राण्यांत मायक्रोआरएनए साधारण २२ अक्षरांचा असतो. तो आर्गोनॉटमध्ये बसतो आणि त्याच्या २ ते ८ या जागांवरची अक्षरं एमआरएनएशी जुळली की तो एमआरएनए कमी वाचला जातो, लवकर मोडला जातो. या सात अक्षरांना बीज म्हणतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी २०२४ चं नोबेल मिळालं, त्यामुळे हा भाग अनेकांना ऐकून माहीत असेल.

विषाणूंचेही मायक्रोआरएनए असतात हे २००४ मध्ये एपस्टाइन-बार विषाणूत प्रथम दिसलं. विषाणूच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे. जागा कमी लागते, आणि प्रथिन नसल्यामुळे रोगप्रतिकारक पेशींना त्यात पकडण्यासारखं काही सापडत नाही. कापोसी सार्कोमा या कर्करोगाशी संबंधित हर्पीसविषाणूचा के१२-११ हा मायक्रोआरएनए तर माणसाच्याच मिआर-१५५ या मायक्रोआरएनएशी बीजात जुळतो, म्हणजे यजमानाच्या यादीतली बरीचशी लक्ष्यं त्याला आयती मिळतात. माकडातल्या हर्पीसविषाणू सायमिरीचा एक छोटा आरएनए नेमकं उलट करतो: तो यजमानाच्या मिआर-२७ला धरतो आणि त्याला मोडून टाकायला लावतो. एक जण नक्कल करतो, दुसरा काटा काढतो.

कोकणासाठी जवळचं उदाहरण कोळंबीचं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू, डब्ल्यूएसएसव्ही, हा सुमारे तीन लाख जोड्यांचा मोठा डीएनए विषाणू आहे. तो माणसाला काही करत नाही, पण तळ्यात शिरला तर आठ-दहा दिवसांत जवळजवळ सगळी कोळंबी मारू शकतो. या विषाणूचा एन-२४ नावाचा मायक्रोआरएनए कोळंबीच्या कॅस्पेस-८ या जनुकाच्या संदेशाला धरतो, असं २०१४ मध्ये जपानी कोळंबीवरच्या कामात दाखवलं गेलं. कॅस्पेस-८ हे संसर्ग झालेल्या पेशीने स्वतःला संपवून घेण्याच्या वाटेवरचं प्रथिन. ते कमी बनलं तर पेशी जिवंत राहते आणि विषाणूला वाढायला वेळ मिळतो.

वनस्पतींत तर अशा आरएनएचा परिणाम उघड्या डोळ्यांनी दिसतो. काकडी मोझॅक विषाणूसोबत कधी कधी एक उपग्रह आरएनए फिरतो, म्हणजे या विषाणूच्या मदतीशिवाय वाढू न शकणारा छोटा आरएनए. त्याच्या वाय प्रकाराने तंबाखूची पानं झगझगीत पिवळी होतात. जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन गटांनी २०११ मध्ये वेगवेगळं काम करून एकच उत्तर काढलं. या उपग्रहापासून निघालेला २२ अक्षरांचा तुकडा हरितद्रव्य बनवणाऱ्या विकराच्या एका भागाच्या एमआरएनएशी जुळतो आणि तो एमआरएनए कापला जातो. प्रथिन नाही, म्हणून हरितद्रव्य नाही, म्हणून पान पिवळं. जुळणाऱ्या जागी तंबाखूच्या जनुकात बदल केला तेव्हा पान हिरवंच राहिलं.

आता सावधगिरी. वनस्पती आणि कोळंबी यांच्या पेशी विषाणूचा दुपदरी आरएनए दिसला की स्वतःच तो डायसरने बारीक कापतात. हे त्यांचं संरक्षण आहे. त्यामुळे आजारी कोळंबीत विषाणूचे २१-२२ अक्षरांचे तुकडे सापडले, एवढ्यावरून ते विषाणूचं हत्यार आहे असं ठरत नाही. ते यजमानाने मारलेल्या कापांचे अवशेषही असू शकतात. एकाच ठराविक जागेवरून, एकाच लांबीचे, एकाच पदरातले तुकडे भरपूर येत असतील तर मायक्रोआरएनएचा संशय घ्यावा. दोन्ही पदरांतून, जीनोमभर विखुरलेले येत असतील तर तो संरक्षणाचा चुराडा समजावा. आणि पीकेआर फक्त पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असतो. अडिनोव्हायरसची गोष्ट उचलून कोळंबीवर लावली तर प्रबंध तिथेच कोसळतो.

पायरी सहावी: पुरावा कसा तपासायचा

निबंध वाचताना मी विद्यार्थ्यांना एकच क्रम सांगतो: काढला का, परत दिला का, भिडू बदलला का. आरएनए काढून टाकल्यावर परिणाम गेला पाहिजे. परत दिल्यावर आला पाहिजे. आणि ज्याला तो चिकटतो तिथली अक्षरं बदलल्यावर पुन्हा गेला पाहिजे. मायक्रोआरएनएच्या बाबतीत आणखी एक कसोटी असते: लक्ष्यातली बीज-जागा बिघडवा, मग मायक्रोआरएनएचं बीजही जुळेल असं बदला. परिणाम परत आला तर मान डोलवा.

प्रथिन कमी झालं हे दाखवणं पुरेसं नाही. एमआरएनएच कमी झाला असेल तर प्रथिन कमी होणारच, त्यात भाषांतरणाचा काय संबंध? भाषांतरण बदललं हे दाखवायची जुनी आणि अजूनही भरवशाची रीत म्हणजे पॉलिसोमचा आलेख. सायक्लोहेक्सिमाइडने रायबोसोम जागच्या जागी थांबवतात, पेशीचा अर्क साखरेच्या, साधारण १० ते ५० टक्क्यांच्या, उताराच्या द्रावणावर ठेवून वेगाने फिरवतात आणि २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात वरून खाली मोजत जातात. आलेखावर आधी ४०एस (रायबोसोमचा छोटा भाग), मग ६०एस (मोठा भाग), मग ८०एसची (अख्ख्या रायबोसोमची) उंच टेकडी आणि पुढे लहान लहान टेकड्यांची रांग दिसते. ही रांग म्हणजे एका एमआरएनएवर दोन, तीन, चार असे बसलेले रायबोसोम. पीकेआर जागा झाला की रांग खचते आणि ८०एसची टेकडी उंचावते. असा आलेख वाचायला शिकलात की निम्मं क्षेत्र उलगडलं.

याच्या जोडीला ५१ व्या सेरीनवरचा फॉस्फेट ओळखणारं प्रतिपिंड वापरून केलेला वेस्टर्न ब्लॉट असतो, आणि नव्याने बनणारी प्रथिनं मोजण्यासाठी प्युरोमायसिन. ते वाढत्या प्रथिनसाखळीच्या टोकाला चिकटतं आणि साखळी तिथेच तुटते; किती चिकटलं त्यावरून त्या क्षणी किती काम चालू होतं ते कळतं. रायबोसोम प्रोफायलिंग, म्हणजे कोणत्या एमआरएनएवर रायबोसोम नेमके कुठे बसलेत ते वाचणारी पद्धत, २००९ पासूनची, खर्चाची, पण तिच्या आकृत्या वाचता आल्या पाहिजेत.

पायरी सातवी: घरी, लॅपटॉपवर

यासाठी फक्त बरं नेटवर्क लागतं. एनसीबीआय या जनुकमाहितीच्या मोफत संग्रहाच्या संकेतस्थळावर मानवी अडिनोव्हायरस-५चा पूर्ण जीनोम काढा. सुमारे ३६ हजार जोड्यांचा तो आहे. नोंदीत व्हीए आरएनए-१ची जागा दिलेली असते, साडेदहा हजाराच्या पुढेमागे. तेवढी अक्षरं उचलून व्हिएन्ना विद्यापीठाच्या आरएनएफोल्ड या मोफत साधनात टाका. पडद्यावर दोन दांडे आणि मध्ये गाठ असं चित्र येईल. मग मधल्या भागातली दोन-चार अक्षरं बदलून पुन्हा घडी करा. आकार कुठे ढासळतो, कुठे टिकतो ते बघा. पुस्तकातलं चित्र पाहून जे कळत नाही ते अशा खेळातून तासाभरात कळतं. साधन जे चित्र देतं ते ऊर्जेच्या हिशोबाने काढलेलं असतं, हेही लक्षात असू द्या. गाठीचा मधला भाग प्रत्यक्षात वेगळा असू शकतो.

दुसरा सराव मिआरबेसचा, म्हणजे मायक्रोआरएनएंच्या ऑनलाइन संग्रहाचा. तिथून एपस्टाइन-बारचा एखादा मायक्रोआरएनए घ्या आणि त्याचं सात अक्षरांचं बीज कुठे कुठे जुळतं ते शोधा. शोधण्याआधी एक गणित करा. सात अक्षरांची एखादी ओळ योगायोगानेच दर १६,३८४ अक्षरांत एकदा येते. समजा वीस हजार एमआरएनए आणि प्रत्येकाच्या शेपटीत, म्हणजे प्रथिनाचा संदेश संपल्यानंतरच्या भागात, हजार अक्षरं धरली, तर दोन कोटी अक्षरांत बाराशेच्या वर जुळण्या नुसत्या योगायोगाने मिळतील. ‘आम्हाला संगणकावर ८०० लक्ष्यं सापडली’ असं वाक्य पोस्टरवर दिसलं तर हे गणित आठवा. संगणक यादी देतो, प्रयोग ती चाळतो.

पायरी आठवी: तळ्यावरून नमुना आणायचा असेल तर

पदव्युत्तर प्रकल्पासाठी कोळंबी हा आपल्याकडचा सर्वांत आवाक्यातला जीव आहे. रत्नागिरीत शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, आणि खाडीकाठचे तळेवाले स्वतःच चाचण्यांसाठी उत्सुक असतात. डेंग्यू किंवा माकडतापाच्या जिवंत विषाणूला कॉलेजच्या प्रयोगशाळेत हात लावायचा नाही. ती कामं त्यासाठी बांधलेल्या सुरक्षित प्रयोगशाळांची.

तळ्यावर जाताना मार्गदर्शक आणि तळ्याचे मालक दोघांची परवानगी हवी. निरोगी तळं आधी, आजारी तळं नंतर, हा क्रम मोडू नका. बूट, जाळी, बादल्या क्लोरीनच्या पाण्यात बुडवल्याशिवाय एका तळ्यावरून दुसऱ्यावर नेऊ नका, कारण हा विषाणू पाण्यातून, जाळ्यांतून आणि खेकड्यांसारख्या वाहकांतून पसरतो. मालकाच्या वर्षभराच्या कमाईचा प्रश्न असतो.

नमुना म्हणून कल्ले किंवा पोहण्याचे पाय घ्या. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर जतनद्रव आत पोचत नाही आणि मधला आरएनए कुजतो. नुसत्या पीसीआरसाठी अल्कोहोल चालतं. छोट्या आरएनएसाठी आरएनए टिकवणारा द्रव वापरा आणि बाटल्या लगेच बर्फात ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात तळ्याच्या बांधावर पंधरा मिनिटं उघडा राहिलेला नमुना काही कामाचा राहत नाही. बाटलीवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतही टाका, बाहेरची शाई घामाने आणि बर्फाच्या पाण्याने पुसली जाते.

प्रयोगशाळेत आल्यावर सर्वांत मोठा सापळा किटचा. आरएनए काढायच्या पुष्कळ नेहमीच्या स्तंभ-किटमध्ये २०० अक्षरांपेक्षा छोटे आरएनए धुऊन जातात. पत्रकात बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही, आणि मग महिनाभर ‘छोटे आरएनए नाहीतच’ असा निष्कर्ष फिरत राहतो. फिनॉल असलेल्या द्रवाने काढा किंवा छोट्या आरएनएसाठीच असलेलं किट मागवा. बावीस अक्षरं बघायला अगारोज जेल उपयोगाचं नाही. युरिया घातलेलं १५ टक्क्यांचं पॉलिॲक्रिलामाइड जेल लावा. डब्ल्यूएसएसव्ही डीएनए विषाणू असल्यामुळे डीएनएझची (डीएनए मोडणाऱ्या विकराची) प्रक्रिया वगळू नका, नाहीतर जीनोमचाच संकेत आरएनए म्हणून मोजला जाईल.

आणि तुलनेसाठीची निरोगी कोळंबी त्याच खाडीच्या पाण्यावरची, त्याच वयाची, त्याच दिवशी उचललेली असावी. खारेपणा आणि उष्णता बदलली तरी कोळंबीचं प्रथिनकाम बदलतं, आणि मग फरक विषाणूमुळे पडला की पाण्यामुळे हे पुढे कुठल्याही यंत्राला सांगता येत नाही.